मटण कोणी कापलं ते सोडा, तपासलं कोणी ते विचारा

पोस्ट लांब आहे. पण रविवारी सकाळी पिशवी घेऊन चिकन-मटणाच्या दुकानासमोर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. आणि जे आयुष्यात कधी त्या रांगेत उभे राहिले नाहीत त्यांनीही वाचावी. त्यांचाही संबंध आहे, कसा ते पुढे येईलच.

२०२५ या एका वर्षात आपल्या महाराष्ट्रात मांसावरून तीन वेळा गदारोळ झाला.

जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुईलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. आकडा दोनशेच्या पुढे गेला, काही माणसं गेली. लगेच व्हॉट्सॲपवर सुरू झालं, "चिकन बंद करा, लकवा मारतोय".

मार्चमध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या हिंदू दुकानदारांसाठी 'मल्हार सर्टिफिकेशन' जाहीर केलं. मग काय, झटका की हलाल, खंडोबाचं नाव वापरायचं की नाही, यावर महिनाभर घमासान.

ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला. नागपूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगरलाही तेच. स्वातंत्र्यदिनी काय खायचं हे सांगणारे तुम्ही कोण, म्हणून विरोधक रस्त्यावर उतरले. बरोबरच उतरले.

तिन्ही वेळा चॅनेलवाल्यांचं भागलं, पुढाऱ्यांचं भागलं, आपल्यालाही फेसबुकवर भांडायला विषय मिळाला. पण एक साधा प्रश्न या सगळ्या गोंगाटात मला कुठे ऐकू आला नाही. आपण जे मटण खातो, ते बोकड कापायच्या आधी एखाद्या जनावरांच्या डॉक्टरने बघितलं होतं का? आणि कापल्यावर त्याचं काळीज, फुप्फुस कोणी तपासलं का?

कापणाऱ्याचा धर्म कोणता हे आपल्याला माहीत असतं. कापलेल्या जनावराला रोग कोणता होता, हे मात्र माहीत नसतं. पोटात काय जातं? धर्म की रोग?

आधीच सांगतो, मी मांसाहारी आहे आणि मांसाहार सोडा असं सांगायला ही पोस्ट लिहिलेली नाही. पण "आमच्या ताटात डोकावू नका" एवढं म्हणून विषय संपत नाही. ताटात काय वाढलंय ते आपण स्वतः तरी डोकावून बघायला पाहिजे की नको?

आता कायदा काय म्हणतो बघा.

केंद्र सरकारचे कत्तलखान्याबाबतचे नियम २००१ सालचे आहेत. मान्यता असलेल्या कत्तलखान्याशिवाय जनावर कापायचं नाही. कापण्याआधी पशुवैद्यकाने प्रत्येक जनावर तपासायचं. आणि तपासणी म्हणजे नुसती नजर टाकणं नव्हे, म्हणून नियमात आकडासुद्धा आहे: एका डॉक्टरने तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. गाभण जनावर कापायचं नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांमध्ये कापल्यानंतरची तपासणीही आहे. यकृत, फुप्फुस, गाठी बघायच्या, कुठे पाण्याचे फोड आहेत का, क्षयाच्या खुणा आहेत का ते पाहायचं. मगच मांस बाहेर. मुंबईत देवनारला महापालिकेचा कत्तलखाना १९७१ पासून आहे, तिथे ही व्यवस्था उभी आहे.

आता तुमच्या गावातलं, तुमच्या गल्लीतलं सांगा. पहाटे दुकानामागे बोकड बांधलेलं असतं, सात वाजता ते आकड्याला लटकलेलं असतं. मधल्या वेळात डॉक्टर आला होता? तालुक्याच्या ठिकाणी तरी येतो? काळीज बघतो तो खाटीक. बिचारा अनुभवाने बघतो. फोड दिसला तर तेवढा भाग कापून मागे फेकतो. मागे कुत्री बसलेलीच असतात.

इथे जरा थांबा. कारण खरी गोष्ट इथून सुरू होते.

शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात, फुप्फुसात जे पाण्याचे फोड दिसतात, त्यातले काही एका बारीक पट्टकृमीचे असतात. माणसाने तो फोड खाऊन त्याला रोग होत नाही. पण कुत्र्याने खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात तो कृमी वाढतो, आणि त्याची अंडी विष्ठेतून रस्त्यावर, मातीत, शेतात, पाण्यात पसरतात. तिथून ती हातावर येतात, भाजीवर येतात, खेळणाऱ्या पोराच्या नखात जातात. पोटात गेली की माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तसाच फोड तयार होतो, वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो आणि शेवटी बरेचदा ऑपरेशनपर्यंत प्रकरण जातं. याला हायडॅटिड म्हणतात.

म्हणजे बघा, खाटकाच्या दुकानामागे फेकलेल्या काळजाच्या तुकड्यामुळे आजारी पडणारा माणूस कट्टर शाकाहारीसुद्धा असू शकतो. "आम्ही खात नाही, आमचा काय संबंध" म्हणणाऱ्यांसाठी सुरुवातीला म्हटलं होतं ना, ते हे.

आता चिकनकडे येऊ. दिवसाला ५० कोंबड्यांपर्यंत कापणाऱ्या दुकानदाराला फक्त नोंदणी करावी लागते, मोठ्यांना परवाना लागतो. नोंदणीचा कागद भिंतीवर लावला की झालं. खाली काय चित्र असतं? एकावर एक पिंजरे, वरच्या कोंबडीची घाण खालच्या कोंबडीच्या अंगावर. एक सुरा, एक लाकडी ओंडका, एक पिंप, आणि पाण्याची एक बादली, जिचं पाणी सकाळी कोणत्या रंगाचं होतं हे दुपारी सांगता येत नाही.

पुण्यातल्या जीबीएसचा इथे संबंध लागतो. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात आरामात राहतो, कोंबडी आजारीही दिसत नाही. माणसाच्या पोटात गेला तर जुलाब होतात, बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात. साधारण हजारात एखाद्याला नंतर जीबीएस होतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते.

मग "चिकनमुळे जीबीएस होतो" हे खरं की खोटं? अर्धवट, आणि अर्धवट आहे म्हणूनच धोकादायक. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये हा जिवाणू जिवंत राहत नाही. आपल्याकडे चिकन कोणी कच्चं खात नाही. पण कोशिंबीर कच्चीच खातो! ज्या विळीवर, ज्या पाटावर चिकन कापलं त्याच्यावरच कांदा-काकडी चिरली, चिकन नळाखाली धुताना ओट्यावर शिंतोडे उडाले, त्याच हाताने माठातलं पाणी काढलं, की झालं. आणि ज्या बादलीचं पाणी दुकानदार गटारात ओततो ते पुढे कुठे जातं हा प्रश्न आहेच. म्हणजे प्रश्न कोंबडीपेक्षा पाण्याचा, हातांचा आणि सांडपाण्याचा जास्त. पण फॉरवर्ड करायला कोंबडी सोपी असते. गटार फॉरवर्ड करता येत नाही.

आता त्याहून मोठा धोका, ज्यावर कोणी मोर्चा काढत नाही.

"ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, म्हणून चाळीस दिवसांत दोन किलोची होते" हे तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. ते खोटं आहे. ती वाढ निवडक पैदाशीतून आणि खाद्यातून येते. प्रत्येक कोंबडीला धरून इंजेक्शन टोचत बसणं कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही. पण या खोट्या गोष्टीच्या आडून खरी गोष्ट सुटून जाते, ती म्हणजे अँटिबायोटिक. दाटीवाटीने ठेवलेल्या पक्ष्यांना रोग होऊ नये म्हणून, वजन लवकर भरावं म्हणून, निरोगी कोंबड्यांनाही खाद्यातून, पाण्यातून अँटिबायोटिक देण्याची पद्धत जगभर रुळली. युरोपीय संघाने वाढीसाठी अँटिबायोटिक वापरायला २००६ पासून बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ मध्ये निरोगी जनावरांना अशी औषधं देऊ नका असं सांगितलं.

आपल्याकडे? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले. ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन नावाचं औषध आहे. अतिदक्षता विभागात बाकी सगळी औषधं हरली की डॉक्टर शेवटी ज्याच्याकडे वळतात, त्यातलं एक. ते आपण कोंबड्यांना खाद्यातून देत होतो! जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली तेव्हा कुठे आपल्याला कळलं, की असं काही चालू होतं.

काही जण म्हणतील, शिजवल्यावर सगळं मरतं. जिवाणू मरतात. औषधाचे अंश दरवेळी मरत नाहीत, ते काही जीव नव्हेत. आणि औषधाला न जुमानणारे जे जिवाणू पोल्ट्रीत तयार होतात, ते फक्त रश्श्यातून येत नाहीत. पोल्ट्रीत काम करणाऱ्याच्या हातावरून येतात, कोंबडखतातून शेतात जातात, ओढ्यात उतरतात. पुन्हा तेच: पालकाची भाजी खाणाराही यातून सुटत नाही. अशा औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाने २०१९ या एका वर्षात जगात थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे. उद्या तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला साधा लघवीचा संसर्ग होईल आणि डॉक्टर म्हणतील, गोळ्या लागू पडत नाहीत, ॲडमिट करा. त्या दिवशी झटका-हलालचा वाद आठवून बघा, काही उपयोग होतो का.

यात पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्याला खलनायक करू नका. आपल्याकडे बरंचसं काम करारावर चालतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेतकऱ्याची शेड, वीज आणि घाम. त्याला किलोमागे पालनाचे पैसे मिळतात. गोणीत काय मिसळलंय हे त्याला कुठे माहीत?

आता थोडं लाल मांसाबद्दल, म्हणजे मटण, बीफ, पोर्क. "WHO ने मटणाला सिगारेटच्या यादीत टाकलंय" हा फॉरवर्ड तुमच्याकडे आला असेलच. त्यातलं खरं एवढं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, सलामी, बेकन, हॅम) कर्करोगाला कारणीभूत ठरतं असं जाहीर केलं आणि ते तंबाखूच्या गटात टाकलं. साधं लाल मांस त्याखालच्या गटात, 'बहुधा कारणीभूत'. पण हे गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतात, धोका किती मोठा आहे हे सांगत नाहीत. त्याच संस्थेने दिलेले आकडे बघा. तंबाखूमुळे होणारे कर्करोगाचे मृत्यू जगभरात वर्षाला सुमारे १० लाख. प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अति खाण्यामुळे होणारे सुमारे ३४ हजार.

रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब. समजा एखाद्याला मुळात शंभरात दोन इतकी शक्यता होती, तर ती शंभरात दोन पूर्णांक छत्तीस होते. शंभरात वीस नव्हे. म्हणजे पंधरा दिवसांनी एकदा मटण खाणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. पण मॉलच्या फ्रीजरमधली सलामी-सॉसेज पोराच्या डब्यात रोज देणाऱ्या आईबापांनी मात्र विचार करावा. "चिकनचं आहे, हलकं असतं" असं म्हणून चालत नाही. ते टिकवायलाही तीच मिठं वापरतात. गोव्याचे चोरीस-पाव गोव्याला गेल्यावर जरूर खा, पण रोजच्या नाश्त्याला नकोत.

आता दोन्ही बाजूंच्या मंडळींशी दोन शब्द.

शाकाहारी मित्रांनो, "बघा, आम्ही सांगत होतो" असं म्हणायची घाई करू नका. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तो काही मटणाने आणलेला नाही. फरसाण, वेफर्स, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा आणि उपवासाला तुपातली साबुदाण्याची खिचडी, हे सगळं शुद्ध शाकाहारीच आहे.

आणि माझ्या मांसाहारी भावांनो, "आमचे आजोबा रोज मटण खायचे आणि नव्वद वर्षं जगले" हे बंद करा. आजोबा रोज मटण खात नव्हते. जत्रेला, सणाला, पाहुणा आला तर खायचे, आणि एका बोकडात अख्खी भावकी जेवायची. दिवसभर नांगरामागे चालायचे. आपण खुर्चीत बसून बोटभर तर्रीचा 'अनलिमिटेड' रस्सा ओरपतो आणि वर आजोबांचा दाखला देतो. गटारीला चार दिवसांचं एका रात्रीत खाणं ही परंपरा नाही, तो हावरटपणा आहे.

काही जण विचारतील, एवढं सगळं तपासायला लागलो तर भाव वाढणार नाही का? मटण आधीच आठशेच्या घरात गेलंय. वाढेल थोडा. पण तपासणी नसल्याची किंमत आपण आत्ताही देतोच. ती फक्त खाटकाच्या काट्यावर दिसत नाही, दवाखान्याच्या बिलात दिसते. आणि तपासणी नसल्याचा सगळ्यात मोठा फटका कोणाला बसतो माहितीय? याच धंद्यातल्या गरीब माणसाला. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुरल्या. ते करावंच लागलं. पण २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये "चिकनमधून कोरोना" ही निव्वळ अफवा होती, आणि तिच्यापायी राज्यातल्या पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या कवडीमोल भावात विकल्या, फुकट वाटल्या. का? कारण "हे तपासलेलं आहे, बिनधास्त खा" असं सांगणारा विश्वासू शिक्काच आपल्याकडे नव्हता. जिथे शिक्का नसतो तिथे अफवेचं राज्य असतं.

म्हणून खाटकाच्या अंगावर धावून जाऊ नका. त्याच्याकडे मोकळी जागा नाही, वाहतं पाणी नाही, डॉक्टर नाही. हे सगळं उभं करून देणं हे पालिकेचं काम. वर्षातला एक दिवस दुकानं बंद करायला पालिकेला आदेश सापडतो. उरलेले ३६४ दिवस ती दुकानं स्वच्छ चालवायला आदेश का सापडत नाही?

घरात करायच्या गोष्टी सोप्या आहेत. कच्च्या मांसाची विळी आणि पाट वेगळा ठेवा. चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका. हाडाजवळचा गुलाबीपणा जाईपर्यंत शिजवा. सलामी-सॉसेज रोजच्या खाण्यातून काढा. ताटात मटणाच्या दोन फोडी कमी आणि भाजी-भाकरी जास्त.

घराबाहेरची गोष्ट याहून महत्त्वाची. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. तुमच्या नगरपालिकेला, महापालिकेला चार प्रश्न विचारा. आपल्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखाने किती? तिथे पशुवैद्यक किती? गेल्या वर्षी कापण्यापूर्वी तपासलेल्या जनावरांची संख्या किती आणि त्यातली नापास किती? दुकानांचा टाकाऊ भाग रोज कोण उचलतं आणि कुठे टाकतं? अन्न व औषध प्रशासनाला पाचवा प्रश्न: गेल्या वर्षी जिल्ह्यात अँटिबायोटिकच्या अंशासाठी चिकनचे किती नमुने तपासले? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेलं उत्तर इथे कमेंटमध्ये टाका. चांगलं असेल तर तेही टाका, पालिकेचं जाहीर कौतुक करू.

निवडणुकीत मत मागायला येणारा प्रत्येक जण तुम्हाला मटणाबद्दल काहीतरी सांगेलच. कोणी बंद करतो म्हणेल, कोणी चालू ठेवतो म्हणेल. दोघांनाही एकच विचारा: "साहेब, डॉक्टर कधी नेमताय?"

शाकाहारी-मांसाहारी असं कमेंटमध्ये भांडायचं असेल तर खुशाल भांडा. पण आधी तो दहा रुपयांचा अर्ज टाकून या.